मॅन्युअल गिअरबॉक्स कुरकुरतोय: दुरुस्त करायचा की बदलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरे पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या, पाच किंवा सहा गिअरच्या मॅन्युअल गाड्यांसाठी आहेत. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते, ओढ पुढच्या चाकांवर असते आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) एकाच केसमध्ये बसवलेले असतात. बोलेरो, सुमो, ओम्नी यांसारख्या मागची चाके फिरवणाऱ्या गाड्यांत जिथे फरक पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

गिअर पडत नाहीत. म्हणजे बॉक्स गेला का?

सगळेच गिअर जड झाले असतील, तर बॉक्सवर संशय शेवटी घ्या. आधी क्लच, मग गिअरची केबल किंवा रॉड आणि त्यांचे बुश, मग इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग, मग तेल. या चारपैकी काहीही बिघडले तरी लिव्हरवर बॉक्स खराब झाल्यासारखेच वाटते, आणि चारही कामे बॉक्स न खोलता होतात. क्लचची प्लेट बदलायची तर बॉक्स उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. पाचवा सोडून बाकी सगळे ठीक, किंवा फक्त दुसराच करकरतो, अशी एका गिअरपुरती तक्रार असेल तर दोष बॉक्सच्या आत असण्याची शक्यता खूप वाढते.

क्लचचा दोष की बॉक्सचा, हे घरी कसे ओळखायचे?

इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल असेल तर ती ताणली गेली असेल किंवा आतून झिजली असेल. हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल, नाहीतर लाइनमध्ये हवा शिरली असेल.

खात्री रिव्हर्सवर होते. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचे वेग जुळवणारी रिंग) नसतो. गाडी उभी, इंजिन आयडलवर. क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. पाच सेकंद थांबूनही खर्रर्र होत असेल, तर क्लच दाबलेला असतानाही आतला शाफ्ट फिरतोच आहे, म्हणजे दोष क्लचचा. घाईत टाकल्यावरच करकरत असेल तर तो दोष नव्हे, ती रिव्हर्सची जातच आहे.

क्लच प्लेट घसरते का हे बघायला सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा, चौथा गिअर टाका आणि साधारण १५०० आरपीएमवर क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते गुरगुरत फिरतच राहिले तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करा, दहादा केली तर चांगली प्लेटही जळेल.

आवाज येतो, पण कशाचा ते कळत नाही.

आवाज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, ते टिपून ठेवा. मेकॅनिकला "घुंई आवाज येतो" यापेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडते.

न्यूट्रलवर, इंजिन चालू, पाय क्लचवर नाही तेव्हा आवाज, आणि क्लच दाबताच बंद: इनपुट शाफ्टचे (क्लचकडून जोर बॉक्समध्ये आणणाऱ्या शाफ्टचे) बेअरिंग. याच्या उलट, म्हणजे क्लच दाबल्यावरच आवाज: रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे). हे बॉक्सच्या आतले नाही, त्यामुळे खर्चही वेगळा.

फक्त एका गिअरमध्ये कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर त्या गिअरच्या दात्यांची जोडी. सगळ्या गिअरमध्ये येतो आणि गाडीचा वेग वाढेल तसा वाढतो, वेगात न्यूट्रल केले तरी चालूच राहतो, तर डिफरन्शियल किंवा चाकाचे बेअरिंग. चाकाचे बेअरिंग असेल तर वळणावर आवाज कमीजास्त होतो. चाकाच्या बेअरिंगपायी बॉक्स उतरवल्याची उदाहरणे दिसतात, म्हणून आधी गाडी जॅकवर घेऊन चाके हाताने फिरवून बघायला सांगा.

मागची चाके फिरवणाऱ्या गाड्यांत आणखी एक खूण मिळते. त्यांच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा गिअर सहसा थेट असतो, जोर खालच्या शाफ्टवरून जात नाही. बाकी सगळ्या गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांत, असे असेल तर खालच्या शाफ्टची बेअरिंगे किंवा त्यावरचे दाते बघा. आडव्या इंजिनाच्या बॉक्समध्ये थेट गिअर नसतोच, तिथे ही खूण लागू नाही.

एक गिअर निसटून न्यूट्रल होतो. काय झाले असेल?

आधी माउंटिंग. ते फाटले की अॅक्सिलरेटर सोडल्याबरोबर इंजिन मागेपुढे हलते आणि रॉड ओढला जाऊन गिअर सुटतो. माउंटिंग ठीक असेल तर गिअरला जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग, सिलेक्टर फोर्क, किंवा स्लीव्ह (फोर्कने सरकून गिअरला शाफ्टशी जोडणारी कडी) आणि गिअरचे लॉकिंग दाते. हे दाते नवे असताना कौलारू घराच्या आढ्यासारखे टोकदार असतात. करकर ऐकत गाडी दामटली की टोके गोल होतात, आणि गोल दात्यांवर स्लीव्ह टिकत नाही. तिथे नुसती सिंक्रो रिंग बदलून भागत नाही, हब-स्लीव्ह आणि तो गिअरही बदलावा लागतो. आज करकरणारा गिअर काही महिन्यांनी निसटू लागतो, तो याच वाटेने.

पाचव्याच्या बाबतीत थोडे सुदैव असते. सुझुकीच्या बऱ्याच छोट्या बॉक्समध्ये पाचवा गिअर मुख्य केसच्या बाहेर, बाजूच्या कव्हरखाली असतो. पाचव्याचे काम बऱ्याचदा पूर्ण बॉक्स न उघडता होते. मात्र अशा रचनेत तेल कमी पडले की आधी मार बसतो तोही पाचव्यालाच.

तेल काढून पाहिले तर काही कळेल का?

बरेच कळते, आणि खर्च नवीन तेलाचाच. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, गाडी सपाट उभी करा. भरण्याचा बोल्ट आधी उघडा, मगच खालचा. वरचा गंजून अडकलेला निघाला आणि खालून तेल आधीच सांडून गेले, तर गाडी तिथेच बसते.

तेल स्वच्छ पांढऱ्या डब्यात घ्या आणि उन्हात धरून बघा. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी, टूथपेस्टसारखा मऊ लेप असणे साधारण आहे. तेलात सोनेरी चमक दिसली तर ती पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंग झिजतायत. बोटांना टोचणारी चंदेरी पापुद्री बेअरिंगची किंवा दात्यांच्या पृष्ठभागाची. दात्याचा कोपरा असलेला तुकडा मिळाला, तर गाडी तिथून पुढे चालवू नका, टो करून न्या. जळका वास आणि काळे पडलेले तेल म्हणजे बॉक्स बराच काळ कमी तेलावर चालला आहे.

निघालेले तेल मोजा. छोट्या गाड्यांत साधारण दीड ते अडीच लिटर लागते. दोन लिटरच्या बॉक्समधून एकच लिटर निघाले, तर गळती शोधल्याशिवाय दुरुस्तीचा विचारही करू नका. गळती बहुतेक वेळा चाकाच्या शाफ्टच्या सीलमधून, सिलेक्टर शाफ्टच्या सीलमधून किंवा इनपुट शाफ्टच्या सीलमधून असते. शेवटची सगळ्यात वाईट, कारण ते तेल क्लच प्लेटवर जाते.

गाडी पुराच्या पाण्यात होती. बॉक्सचे काय?

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाण्याखाली गेलेल्या गाड्यांबाबत हा प्रश्न सतत आला. बॉक्सला हवा जाण्यासाठी वर एक ब्रीदर असतो. पाणी त्याच्यावर गेले की आत शिरते. गरम बॉक्स थंड पाण्यात गेला तर आतली हवा आकसते आणि पाणी आणखी जोरात ओढले जाते. तेल दुधाळ चहासारखे झाले असेल तर आत पाणी आहेच.

इंजिन सुरू न करता तेल काढा, स्वस्त पण योग्य ग्रेडचे तेल भरा, गाडीचे बाकीचे काम झाले की दहा-पंधरा किलोमीटर हळू चालवा, तेही काढा. दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हे करा. दोनतीनदा लागते. दोन-चार दिवसांत केले तर बॉक्स सहसा वाचतो. महिनाभर पाणी आत राहिले तर बेअरिंगांवर गंजाचे ठिपके पडतात, आणि त्या ठिपक्यांचा आवाज तेल बदलून जात नाही.

असाच किती दिवस चालवता येईल?

नुसती सिंक्रोची करकर असेल तर सांभाळून, दोन टप्प्यांत क्लच दाबून चालवता येते: एकदा क्लच दाबून न्यूट्रल, सोडा, पुन्हा दाबून पुढचा गिअर. बेअरिंगचा आवाज असेल तर वाट बघणे महाग पडते. बेअरिंग ढिले झाले की शाफ्ट हलतो, दाते चुकीच्या जागी टेकतात, आणि बेअरिंगपुरते असलेले काम गिअरच्या जोड्यांपर्यंत जाते. निसटणारा गिअर घेऊन घाट उतरू नका. तिथे इंजिनचा ब्रेक ऐन वेळी जातो.

मागची चाके फिरवणारी गाडी बंद पडली तर ती मागची चाके जमिनीवर ठेवून लांब ओढून नेऊ नका. इंजिन बंद असल्याने खालचा शाफ्ट फिरत नाही, तेल वर उडत नाही, आणि वरचा शाफ्ट मात्र कोरडा फिरत राहतो. मागची चाके उचला किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवा.

मेकॅनिक म्हणतो, खोलल्याशिवाय सांगता येणार नाही. फसवतोय का?

नाही, बरोबर सांगतोय. खोलण्याआधी एकरकमी आकडा देणाऱ्याचाच उलट विचार करा, कारण त्याने तो आकडा स्वतःला सुरक्षित ठेवून लावलेला असतो. व्यवहार दोन टप्प्यांत ठरवा: उतरवून खोलून दाखवण्याची मजुरी किती, आणि दुरुस्ती केली नाही तर परत जुळवून देण्याची किती. खोलल्यावर तुम्ही समोर हजर राहाल हेही आधीच सांगा.

खोलल्यावर कशावरून ठरवायचे?

इथे बहुतेक लोक बिलाच्या रकमेवरून ठरवतात. आमच्या मते आधी दोनच गोष्टी बघाव्यात: केस आणि शाफ्ट. हे दोन्ही धड असतील तर दुरुस्ती करावी, मग बेअरिंगे सगळी बदलावी लागली तरी हरकत नाही. दोन्हीपैकी एक गेले असेल तर बदलण्याकडे झुकावे.

केसमध्ये बेअरिंगची बसण्याची जागा बघा. नवे बेअरिंग तिथे हलक्या ठोक्याने बसले पाहिजे. हाताने सहज आत गेले आणि बाहेरची रिंग फिरत असेल, तर जुने बेअरिंग तिथे फिरून अॅल्युमिनियम खाऊन गेले आहे. काही ठिकाणी त्या जागेवर पंचने ठिपके मारून बेअरिंग घट्ट बसवतात. हे काम टिकत नाही. शाफ्ट मध्यरेषेवर राहत नाही आणि आवाज परत येतो. केसच्या बाहेरच्या कानाला किंवा माउंटिंगच्या बोल्टजवळ तडा असेल तर आर्गन वेल्डिंग चालते. बेअरिंगच्या जागेजवळचा तडा वेल्ड करू नये, उष्णतेने भोक वाकडे होते.

शाफ्टची गोम अशी की बऱ्याच आडव्या बॉक्समध्ये इनपुट शाफ्टवरचे पहिल्या आणि रिव्हर्सचे दाते शाफ्टमध्येच कापलेले असतात. पहिल्याचा एक दात तुटला, तर एक गिअर नव्हे तर पूर्ण शाफ्ट, आणि त्याच्याशी जुळणारा समोरचा गिअरही. दाते एकमेकांवर घासून जुळलेले असतात, जोडीतला एकच नवा टाकला तर तो कण्हतो.

सिंक्रो रिंग तपासणे सोपे आहे आणि ते तुमच्या देखत व्हावे. रिंगच्या आत पिळाच्या आट्यांसारख्या बारीक रेषा असतात. त्या गुळगुळीत झाल्या की रिंग गेली. तेल लावून रिंग गिअरच्या कोनावर दाबा आणि पिळा: चांगली पकडते, झिजलेली सरकते. मग रिंग दाबून धरून रिंग आणि गिअरच्या दात्यांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत नव्या रिंगला ही फट १ मिलिमीटरच्या आसपास असते आणि ०.५ मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग बाद. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा घ्यावा.

थोडक्यात बेअरिंगे, रिंगा, एखादा हब-स्लीव्ह, फोर्क, सील: दुरुस्ती. दोन किंवा जास्त गिअरच्या जोड्या, शाफ्ट, डिफरन्शियलची पिन सुटून केसला पडलेले भोक: बदल.

बदलायचा तर नवा, रीकंडिशन की कटिंगचा?

नवा पूर्ण बॉक्स कंपनीकडून मागवता येतो, पण जुन्या गाडीला तो क्वचितच परवडतो. नवी किंवा तीन-चार वर्षांची गाडी असेल तरच विचार करा, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर बॉक्स उघडूच नका.

कटिंगचा म्हणजे अपघातात गेलेल्या किंवा भंगारात निघालेल्या गाडीचा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी यासाठी प्रसिद्ध. समोरून ठोकर बसलेल्या गाडीपेक्षा मागून बसलेल्या गाडीचा बॉक्स बरा. रीकंडिशनचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा असतो. कुठे सगळी बेअरिंगे आणि रिंगा नव्या टाकलेल्या असतात, कुठे नुसता डिझेलने धुऊन चंदेरी रंग मारलेला असतो. बिलावर कोणते पार्ट बदलले ते लिहून देत असेल तरच जास्त पैसे मोजा.

कटिंगचा बॉक्स दुकानात कसा तपासायचा?

आधी बॉक्सवरचा कोड. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे बॉक्स सहसा एकमेकांना बसत नाहीत. बसले तरी डिफरन्शियलचे शेवटचे गुणोत्तर वेगळे असले की गाडी चढाला दम टाकते किंवा हायवेवर इंजिन उगाच ओरडते. जुना बॉक्स शेजारी ठेवून स्पीड सेन्सरची जागा, माउंटिंगची भोके आणि इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) मोजा.

मग हाताने इनपुट शाफ्ट फिरवत एकेक गिअर टाका. प्रत्येक गिअर स्वच्छ 'टक' करून बसला पाहिजे आणि फिरताना कुठेही खडखड लागता कामा नये. इनपुट शाफ्ट वरखाली हलवा. किंचित हालचाल चालते, डगडग नाही. तेल पूर्ण निथळून ठेवलेला बॉक्स असेल तर निदान भोकात बोट घालून आतला लेप बघा. बेल हाउसिंगचे (क्लच झाकणाऱ्या केसच्या भागाचे) कान, डॉवेलची भोके, सील बसण्याच्या कडा यांवर तडे शोधा. घासलेल्या किंवा नव्याने रंगवलेल्या जागेवर जास्त वेळ घालवा.

हिशोब कसा मांडायचा?

हे आकडे निव्वळ मांडणी दाखवण्यासाठी आहेत. समजा दुरुस्तीचे पार्ट १६,००० आणि मजुरी ९,००० रुपये, एकूण २५,०००. कटिंगचा बॉक्स १४,००० आणि बसवण्याची मजुरी ५,०००, एकूण १९,०००. सहा हजार वाचले असे दिसते. पण कटिंगचा बॉक्स खराब निघाला तर दुकानदार बॉक्स बदलून देईल, मजुरी नाही. पुन्हा ५,००० आणि पुन्हा तेल. एका बदलातच फरक जवळजवळ पुसला जातो. त्यामुळे फरक पार्टच्या खर्चाचा नव्हे, मजुरी दोनदा भरण्याच्या जोखमीसह धरा.

क्लच सेटचा खर्च दोन्हीकडे सारखाच येतो, म्हणून तुलनेत तो धरू नका. गाडी अजून चार-पाच वर्षे वापरायची असेल तर दुरुस्ती, वर्षभरात विकायची असेल तर चांगला तपासलेला कटिंगचा बॉक्स, अशी आमची साधी शिफारस असते. पार्ट आणि मजुरी दोन्हींवर जीएसटी १८ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या कोटेशनमध्ये पार्टवर २८ टक्के लावलेला दिसेल, ते जुने कोटेशन तुलनेला घेऊ नका.

बॉक्स उतरला आहे तर आणखी काय करून घ्यावे?

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. प्लेट अर्धी शिल्लक असली तरी बदला, कारण वर्षाने ती संपली की उतरवण्याची मजुरी पुन्हा. क्रँकचे मागचे ऑइल सील आणि दोन्ही चाकांच्या शाफ्टची सील बदला, ही स्वस्तातली कामे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर बघून घ्या. काही डिझेल गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असते, ते लेथवर घासायचे नसते.

टेपर रोलर बेअरिंगे असतील तर नव्या बेअरिंगांसोबत शिमची (बेअरिंग किती घट्ट बसेल ते ठरवणाऱ्या पातळ चकतीची) जाडी नव्याने मोजावी लागते. जुन्याच शिम टाकल्या आणि घट्ट झाले तर बेअरिंग जळते, ढिले राहिले तर आवाज. "शिम मोजल्या का?" हा प्रश्न विचाराच.

तेल कोणते?

मॅन्युअलमध्ये लिहिलेले. बऱ्याच गाड्यांना जीएल-४ दर्जाचे ७५डब्ल्यू-८५ किंवा ७५डब्ल्यू-९० जाडीचे तेल लागते. "जीएल-५ वरचा दर्जा आहे, जास्त चांगला" हे पितळी सिंक्रो रिंग असलेल्या बॉक्सला लागू नाही. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायने डिफरन्शियलच्या दात्यांसाठी असतात, पितळाला मारक ठरू शकतात आणि रिंग घसरायला लागते. भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत, गाडी सपाट असताना, एवढेच भरायचे.

इन्शुरन्समधून मिळेल का?

झिजेचे मिळत नाही. दगडावर आपटून केस फुटली किंवा पुराचे पाणी शिरले तर सर्वसमावेशक पॉलिसीत दावा होतो, पण धातूच्या पार्टवर घसारा कापतात: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांवर ५० टक्के. शून्य घसाऱ्याची जोड असेल तर ही कपात टळते. केस फुटून तेल गेल्यावर गाडी तशीच घरापर्यंत आणली आणि आतले दाते जळाले, तर तो भाग पुढचे नुकसान म्हणून नाकारला जाऊ शकतो. फोटो काढा, गाडी टो करा.

आरटीओत काही कळवावे लागते का?

आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्याच मॉडेलचा बॉक्स बसवला तर नोंद लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा. कटिंगच्या मालावर चोरीच्या गाडीचा संशय आला तर तेच दाखवता येते.

माझी गाडी एएमटी (क्लच आणि गिअर यंत्रच चालवते अशी) आहे. हे सगळे लागू होते का?

आतला बॉक्स मॅन्युअलच असतो, त्यामुळे रिंगा, बेअरिंगे, तेल हे सगळे लागू. पण गिअर न पडण्याचे कारण आधी अॅक्च्युएटर (क्लच आणि गिअर हलवणारे यंत्र), त्याचे तेल आणि सेन्सर यांत शोधावे लागते. स्कॅनर न लावता बॉक्स उतरवायला निघालेल्याला थांबवा.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना काय बघू?

थंड गाडीवर आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर, दोन्ही वेळा सगळे गिअर टाका. उतारावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडा, गिअर निसटता कामा नये. बदललेले जुने पार्ट परत मागा आणि मोजा, बिलातल्या संख्येशी जुळले पाहिजेत. साधारण १,००० किलोमीटरनंतर तेल काढून चुंबक बघा. पहिल्या तेलात थोडा जास्त लेप येतो. पापुद्री आली तर वॉरंटीची मुदत संपायच्या आत परत जा.